रिबकाबाई थळकर आणि मी गाळलेलं पान

रिबकाबाईंची आणि माझी पहिली भेट पासिर रिसच्या बाजारात, मासळीच्या ओट्यासमोर झाली. मी त्याच शहरातल्या बिशान भागातली, पण त्या रविवारी सकाळी तिथल्या एका मैत्रिणीकडे गेले होते आणि जेवायला थांबायचं म्हणून मासे घ्यायला उतरले होते. शेजारी सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. पांढरी पँट, ढगळ सुती शर्ट, आखूड कापलेले करडे केस, पाठ ताठ. चिनी विक्रेतीने इथल्या हेलात ‘व्हेरी फ्रेश, आन्टी, व्हेरी फ्रेश लाह’ म्हटल्यावर या बाईंनी पापलेटाचा कल्ला अंगठ्याने उचलून पाहिला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःशीच म्हणाल्या, “फ्रेश म्हणे! परवाचं मढं आहे हे.”

मी खो खो हसले. म्हटलं, “तुम्ही मराठी?”

“मग काय चिनी दिसते?”

“कुठल्या तुम्ही?”

“थळची. अलिबागजवळचं थळ. ते सोडून पन्नास वर्षं झाली. मग इस्रायल. आता इथे लेकीकडे, बाराव्या मजल्यावर. तू पुण्याची ना? मासा असा धरलायस, जसा काही तो चावणार आहे.”

ही आमची ओळख. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्यांचा मला फोन येऊ लागला आणि बहुतेक वेळा माझं काय चुकलं ते सांगण्यासाठीच येऊ लागला. मी स्वतः फटकळ म्हणून इथल्या मराठी मंडळात बदनाम आहे. रिबकाबाईंपुढे माझी बोलतीच बंद व्हायची.

त्या कोकणातल्या ज्यू समाजाच्या, म्हणजे बेने इस्रायली. पिढ्यान् पिढ्या रायगडात राहून, मराठी बोलून, शनिवार पाळून हा समाज जगला आणि स्वातंत्र्यानंतर त्यातले बरेचसे लोक इस्रायलला गेले, एवढं मला ठाऊक होतं. पण मासळीच्या ओट्यावर भेटलेल्या या बाई त्या देशाच्या संसदेत बसून आल्या आहेत, हे मला सहा महिने कळलं नाही. कळलं तेही अपघाताने.

आपल्या मंडळात नव्याने आलेल्या वैशालीच्या नवऱ्याची नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे इथे राहायचा पास गेला आणि पास गेला म्हणजे महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. मुलीची परीक्षा तोंडावर. आम्ही सगळ्यांनी ‘अरेरे’ केलं, डबे पोचवले. रिबकाबाईंनी विचारलं, “इथल्या खासदाराला भेटलात का? तो आठवड्यातून एकदा ब्लॉकखाली टेबल टाकून बसतो म्हणे.” आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही ते आलं नव्हतं. आपण पडलो पाहुणे, आपण कशाला कुणाच्या दारात जायचं, ही आपली वृत्ती. त्या वैशालीला हाताला धरून घेऊन गेल्या. मीही गेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर नंबर लावून माणसं बसली होती. रिबकाबाईंनी सगळा मांडव सासूच्या नजरेने तपासला आणि म्हणाल्या, “नंबर लावतात, हे बरं आहे. आमच्याकडे थेट स्वयंपाकघरात घुसायचे.” मग वैशालीला म्हणाल्या, “तीन वाक्यांत सांग. रडायचं ते चौथ्या वाक्यानंतर.”

“तुम्हाला कसं हो हे सगळं माहीत?” मी विचारलं.

“अगं, टेबलाच्या पलीकडे बसलेय मी साडेपाच वर्षं.”

“कुठल्या टेबलाच्या?”

“जेरुसलेमच्या संसदेत. आता गप्प बस, नंबर आला.”

वैशालीला मुलीची परीक्षा होईपर्यंत मुदत मिळाली. त्या तीन वाक्यांनी मिळाली, असं ती अजून म्हणते.

पुढे मी खनपटीला बसून त्यांच्याकडून बरंच काढून घेतलं. शाळा अलिबागला, नर्सिंग मुंबईला. लग्नानंतर नवरा, धाकटा भाऊ शालोम आणि दोन ट्रंका घेऊन त्या इस्रायलला गेल्या. सरकारने त्यांना उतरवलं ते दक्षिणेच्या वाळवंटात नव्याने वसवलेल्या एका लहानशा गावात. समुद्राकाठी वाढलेली माणसं ती. “सहा महिने शालोम रोज सकाळी दार उघडून बघायचा, आणि रोज वाळूच,” असं त्या सांगत. शालोमभाऊ गावातल्या कापडगिरणीत लागले आणि या दवाखान्यात.

काही वर्षांनी तिकडच्या धर्माधिकाऱ्यांनी कोकणातून आलेल्या या लोकांच्या लग्नांबद्दल शंका काढली. हे अस्सल ज्यू कशावरून? रिबकाबाई तेव्हा पोटुशी होत्या, दिना पोटात होती. तशा अवस्थेत त्या जेरुसलेमला जाऊन इतरांबरोबर रस्त्यात बसल्या. उन्हात भावाने त्यांच्या डोक्यावर दिवसभर छत्री धरली. त्यांच्या राजकारणाची सुरुवात ती. पुढे गावची नगरपालिका, मग पक्षाचं काम आणि पन्नाशीत संसद. पहिल्या भाषणाला त्यांच्या हिब्रूतला कोकणी हेल ऐकून कुणीतरी हसलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “हसून झालं की सांगा. मी उभी आहे.” पुन्हा कुणी हसलं नाही.

त्यांची कामाची एक पद्धत होती, ती मला फार आवडते. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्या आधी विचारायच्या, “काल काय जेवलात?” नर्स असताना लागलेली सवय. “माणूस पगार खोटा सांगतो, दुखणं खोटं सांगतो. जेवण खोटं सांगताना अडखळतो,” असं त्यांचं म्हणणं. एकदा एका मंत्र्यांनी दक्षिणेत बेकारी आटोक्यात असल्याचं सभागृहाला सांगितलं. या उठल्या आणि आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरात आदल्या दिवशी चुलीवर काय होतं ते त्यांनी एकेक घर करत सांगितलं. नावं मात्र घेतली नाहीत. अध्यक्षांनी बसायला सांगितलं, तरी अजून चार घरं राहिलीत म्हणाल्या.

सार्सच्या साथीत माझ्या यजमानांना दहा दिवस घरात कोंडून ठेवलं होतं, त्यांच्याबरोबर मी आणि लेकही घरातच. आपल्याच मंडळातले लोक तेव्हा लिफ्टमध्ये आमच्या मजल्याचं बटण दाबायला घाबरत होते, मी कुणाला दोष देत नाही. रिबकाबाई पासिर रिसहून गाड्या बदलत यायच्या, डबा दाराबाहेर ठेवायच्या आणि दहा पावलं मागे जाऊन मोठ्याने विचारायच्या, “काल काय जेवलात?” मी ‘वरणभात’ म्हटलं की, “खोटं. तिसऱ्या दिवशीच तुझं वरण संपलंय, आवाजावरून कळतं.” माझी लेक दाराआडून म्हणायची, “आजी सो फिअर्स, लाह!” ती त्यांना अजूनही फिअर्स आजीच म्हणते.

हे सगळं लिहिताना मला बरं वाटतंय, म्हणून मी लांबवतेय. आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. रिबकाबाईंच्या या गौरवग्रंथाची संपादक म्हणून माझा लेख खरं तर शेवटी, आभाराचा असायचा. तो आधी का आला, ते यापुढे आहे.

रिबकाबाई दुसऱ्यांदा निवडून आल्या, तेव्हा त्यांच्या गावच्या गिरणीला मिळणारी सरकारी मदत बंद करायचा प्रस्ताव आला. गिरणी म्हणजेच ते गाव. त्यांनी विरोधात मत देईन असा गिरणीला शब्द दिला होता. पक्षाला मतं कमी पडत होती. पक्षाने त्यांना सांगितलं, बाजूने मत द्या, तुमच्या गावाला प्रसूतिगृह आणि कायमचा डॉक्टर देतो. त्या गावातल्या बायका बाळंतपणाला जीपमध्ये बसून दीड तासाच्या शहरात जात. दोघी वाटेतच दगावल्या होत्या आणि दोन्ही वेळा जीपमध्ये नर्स म्हणून रिबकाबाई होत्या. त्यांनी प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला. वर्षभरात गिरणी बंद पडली. प्रसूतिगृह झालं, आजही चालू आहे. पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या आणि शालोमभाऊंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. वीस वर्षं होत आली होती. रिबकाबाई मला हे एकदाच बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, “निवडणूक गेली त्याचं काही नाही गं. ती येते-जाते.”

यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार म्हणून मंडळाने गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि संपादनाची माळ माझ्या गळ्यात पडली. मी दिनाकडून पत्ता मिळवून शालोमभाऊंना पत्र टाकलं. रिबकाबाईंना पत्ता लागू दिला नाही. “मामा नाही लिहिणार,” दिना म्हणाली. दोन महिन्यांनी जाड पाकीट आलं. रेघी कागदावर, सातवीपर्यंत शिकलेल्या वळणदार मराठीत, चार पानं. पहिली तीन लहानपणाची. पावसाळ्यात ओढा भरला की बाय, म्हणजे ही थोरली बहीण, त्यांना पाठुंगळी मारून शाळेत कशी न्यायची, ते इतकं सुंदर लिहिलं होतं की मी ऑफिसात डोळे पुसले. चौथं पान असं होतं:

“बायने गिरणीला शब्द दिला होता. मतदानाच्या दिवशी आम्ही गिरणीतले अकरा जण जेरुसलेमला गेलो. वर लोकांना बसायला गॅलरी आहे, तिथे बसलो. बायने हात वर केला. कोणाच्या बाजूने ते सगळ्यांनी पाहिलं. येताना बसमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही, कारण मी तिचा भाऊ. गिरणी गेली ते मी सोडलं. सरकार आहे, करतं. त्या प्रसूतिगृहात माझी नात झाली, तेही खरं आहे. पण मी समोर बसलो होतो आणि बायने एकदाही वर पाहिलं नाही. का, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आता मीही सत्तरीला आलो. बायने हे वाचून मला फोन करावा. नंबर बदललेला नाही.”

आपल्याकडे गौरवग्रंथ म्हणजे गोडाचं जेवण. त्यात मिरची आली की आपण ती गुपचूप ताटाबाहेर काढतो. भावाभावांतली भांडणं, अडलेली बढती, मोडलेलं लग्न, सगळं आपण ‘संपादकीय संस्कार’ या गोंडस नावाखाली गाळतो आणि याला सौजन्य म्हणतो. आजवर तीन गौरवग्रंथ मी असेच धुऊन पुसून काढले आणि तिन्ही वेळा शाबासकी मिळवली. मी ते चौथं पान वाचलं आणि मनात म्हटलं, भरल्या समारंभात, बाईंच्या पंचाहत्तरीला, हे? छे! फोनचं तेवढं नंतर तोंडी सांगू, समारंभ पार पडल्यावर. पान उचललं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. तीन पानं टाइपाला दिली.

मुद्रितात थळच्या वाड्या-ओढ्यांची नावं तपासायला हवी होती, म्हणून ती तीन पानं मला रिबकाबाईंना दाखवावी लागली. भिंग घेऊन त्यांनी ती दोनदा वाचली. मग कागद उलटा करून पाठ पाहिली.

“संपलं?”

“हो.”

“गिरणीचं काही नाही लिहिलं त्याने?”

“नाही हो,” मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की मलाही ते खरं वाटलं.

त्या म्हणाल्या, “म्हणजे त्याने मिटवलं. गेल्या वर्षभरात चारदा फोन हातात घेतला गं मी. आता त्यानेच पाटी पुसलीय, तर मी कशाला पुन्हा गिरगटू? बरं झालं.” त्या दिवशी त्यांनी मला आग्रहाने जेवायला ठेवून घेतलं, नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण वाढलं आणि जेवताना ओढ्याच्या गोष्टी सांगितल्या. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी ऑफिसात दिनाचा फोन आला. “मेधा, शालोममामा गेला. झोपेतच.” त्यांच्यात दफन लगेच करतात, त्यामुळे रिबकाबाईंना जाऊन पोचणंही शक्य नव्हतं. दिनाने आणखी एक सांगितलं. मामी म्हणत होत्या, पत्र टाकल्यापासून ते दुपारचे झोपत नव्हते. फोन वाजला की सगळ्यांच्या आधी उठायचे.

मी ड्रॉवर उघडून ते चौथं पान बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी चौथं पान घेऊन मी पासिर रिसला गेले. भावंड गेलं की त्यांच्यात सात दिवस घरात खालीच बसतात. आरशावर चादर टाकलेली होती. रिबकाबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे दिनाने खाली उशी दिली होती, ती त्यांनी बाजूला सारली होती. मी समोर बसले आणि कसंबसं सगळं सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि परत दिला. “रडून डोळे गेलेत माझे. तू वाच.”

मी वाचलं. मोठ्याने वाचावं लागलं, कारण त्यांना ऐकूही कमी येतं. ‘नंबर बदललेला नाही’ हे वाक्य मला तीनदा सुरू करावं लागलं.

त्या रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या, मला दार दाखवलं असतं, तर मी ते आनंदाने सोसलं असतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “मी चष्मा काढून ठेवला होता.”

“काय?”

“मतदानाच्या आधी. तो वर बसलाय हे मला ठाऊक होतं. त्याचा चेहरा दिसला असता तर माझा हात वर गेला नसता. म्हणून चष्मा काढून बाकावर ठेवला. चष्म्याशिवाय मला दोन हातांपलीकडचं दिसत नाही, हे त्यालाही माहीत होतं. एवढं सांगितलं असतं तर तो हसला असता गं. शिवी दिली असती आणि हसला असता. एका मिनिटाचा फोन होता.”

दिना आतून पाणी घेऊन आली. त्यांनी घेतलं नाही. मी पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, “ते नको.” मग म्हणाल्या, “पुस्तक छापून झालंय?”

“नाही. थांबवू का?”

“थांबवू नकोस. हे पान त्यात घाल. त्याने लिहिलंय तसं, एकही शब्द न बदलता. त्याच्या खाली माझं उत्तर घाल, चष्म्याचं. आणि तू काय केलंस तेही लिही.”

“गौरवग्रंथात?”

“मग कुठे? मी गावाला शब्द दिला आणि मोडला. ते ज्या पुस्तकात नाही, ते पुस्तक माझं नव्हे. दुसऱ्या कुठल्या तरी बाईचं असेल, तिला द्या.”

मंडळाच्या काही सदस्यांनी मला समजावलं, असं कुणी छापत नाही, लोक काय म्हणतील. त्यांचं म्हणणं मला कळतं. महिन्यापूर्वी मीच ते म्हटलं असतं. पण उत्सवमूर्तींची आज्ञा आहे. शालोमभाऊंची चारही पानं या ग्रंथात सुरुवातीला आहेत, माझा हा लेख त्यांच्या मागे आहे आणि बाकीचे गोड लेख त्यानंतर.

रिबकाबाई दोन महिन्यांनी इस्रायलला, त्या गिरणीच्या गावी जाणार आहेत. डॉक्टर नको म्हणतात, दिना नको म्हणते. भावाच्या कबरीवर जायचंच आहे, पण गिरणीत काम केलेल्या ज्या बायका अजून आहेत, त्यांच्याही घरी जायचंय. वीस वर्षांत त्या एकीच्याही दारात गेल्या नव्हत्या. “दार लावून घेतील,” मी म्हटलं. “घेऊ देत की,” त्या म्हणाल्या. “बाहेर उभी राहीन. मला सवय आहे.” संसदेत असताना त्यांनी काय केलं, त्याचा हिशेब त्यांचा देश करेल. पंचाहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, ज्यांना आपण दुखवलं त्यांच्या दारात उभं राहायला निघालेली दुसरी पुढारी मी पाहिलेली नाही.

गौरवलेखाच्या शेवटी उत्सवमूर्तींना निरामय दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मीही चिंतते, पण त्यात माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही. रिबकाबाईंनी मला अजून माफ केलेलं नाही. परवा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “बघू.” त्यांनी हवा तेवढा वेळ घ्यावा. वर्षभर घ्यावा, दहा वर्षं घ्यावीत. ऐंशीव्या वर्षी ठाम नाही म्हणावं, नव्वदाव्या वर्षी पुन्हा बघू म्हणावं. मी दर वर्षी जाऊन विचारीन आणि मिळेल ते उत्तर घेऊन घरी येईन. विचारायला समोर त्या असाव्यात, एवढंच मागते.